सायकली टपावर, नवरदेव सायकलवर

आता तुम्ही अकलेचा विषय काढलाच आहे, तर माझी एक फजिती ऐकूनच घ्या. पण कप आधी खाली ठेवा. मागं एकाला ही गोष्ट ऐकताना ठसका लागला आणि त्यानं आमची नवी सतरंजी चहानं रंगवली होती!

गोष्ट एकसष्ट-बासष्ट सालची. तेव्हा मी अमरावतीला कचेरीत कारकून होतो, लग्नाचा होतो, आणि शहाणा होतो. पहिली दोन दुखणी पुढे आपोआप बरी झाली. तिसऱ्यावर ज्या दिवशी औषध मिळालं, त्या दिवसाची ही हकीकत.

मी 'हुंडा हटाव तरुण मंडळा'चा सेक्रेटरी. हुंडाबंदीचा कायदा नुकताच झाला होता आणि तो माझ्यासाठीच केला असावा, असा माझा समज होता. शनिवार आला की कुठं ना कुठं माझं भाषण. टेबलावर मूठ आपटायची माझी खास ढब होती. मंडळाचं काम जोरात चाललं होतं. फक्त एक अडचण यायची. सभासदाचं लग्न ठरलं की तो गुपचूप राजीनामा द्यायचा आणि पुढच्या महिन्यात हातात नवं घड्याळ घालून फिरायचा.

माझं स्वतःचं लग्न अडलं होतं परतवाड्याला. तिथले एक हेडमास्तर, त्यांना सगळी पंचक्रोशी गुरुजीच म्हणायची, त्यांची मुलगी विमल. पाहायला गेलो. गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत सरळ सांगितलं, "माही एकच अट आहे. हुंडा घेनारा अन् हुंडा देनारा, दोघायलेही माह्या घरात जागा नाही."

मी म्हणालो, "माझंही तेच ध्येय आहे!" आणि मूठ आपटली. चिवड्याची बशी उडाली.

विमल खाली मान घालून शेंगदाणे वेचायला लागली. वेचता वेचता तिनं एकच प्रश्न विचारला. "भाषणाशिवाय दुसरं काही करता का?"

आता काय उत्तर द्यावं? माझ्या तोंडून निघून गेलं, "करतो तर! सायकल चालवतो. येत्या वैशाखात चिखलदऱ्याचा घाट सायकलनं उतरणार आहे."

माय वो! घाट मी पाहिलासुद्धा नव्हता!

गुरुजी म्हणाले, "असं? मंग घाट उतरून या. हात-पाय शाबूत असले त पुढचं बोलू."

म्हणजे बघा, सगळं लग्न त्या घाटावर येऊन ठेपलं.

घाट उतरायचा म्हणजे सायकल आधी वर न्यायला पाहिजे. चढवत नेणं माझ्या बापजन्मी होणार नव्हतं. म्हणून मी बबनला धरलं. बबन माझा लंगोटीयार. त्याच्या वडलांनी कुण्या इंग्रज साहेबाची जुनी मोटार घेतलेली होती. बबन गाडी चालवायचा बरी, पण बोलायचा फार.

"सायकल भारी पाहिजे बे," बबन म्हणाला. "हलकी सायकल घाटात उडून जाते. वजन असलं की ती जमिनीले धरून राह्यते."

हे त्याला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. पण त्या काळी आमच्यात जो मोठ्यानं बोलेल तो तज्ज्ञ! मग मी नवी कोरी सायकल घेतली. डबल दांडीची, लोखंडी चेनकव्हरची, दूधवाले चार-चार कॅन अडकवून नेतात तसली. बबननंही तशीच घेतली. एकेक उचलायला दोन माणसं लागत. नव्या सायकलच्या नळ्यांना खाकी कागद गुंडाळलेला असतो ना, तो आम्ही काढला नाही. रंग राहावा म्हणून लोक वर्षवर्ष काढत नसत.

आता प्रश्न असा की या दोन म्हशी मोटारीवर चढवायच्या कशा?

झालं! चौकातल्या हॉटेलात सभा भरली. ज्यांनी जन्मात मोटारीचं दार उघडलं नव्हतं, ते सगळे कॅरिअर कसं असावं यावर बोलायला लागले. एक म्हणे, मागं डिकीला आकडे लावा अन् सायकली टांगा. दुसरा म्हणे, मागं एवढं वजन टांगलं तर घाटात मोटार पुढून उठेल. तिसरा म्हणे, उठली तर चांगलंच, चढ लवकर चढेल! बबनचे वडील तिथं विडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "टपावर बाज उलटी टाका. सायकली आडव्या पाडा. वरून ताडपत्री. सुतळीनं बांधा अन् जा गुमान."

आडव्या? ताडपत्री? मग परतवाड्यातून जाताना विमलला काय ताडपत्री दिसणार? माझ्या डोक्यात दुसरंच चित्र होतं. सायकली टपावर उभ्या पाहिजेत. हँडल पुढं, घंटी चमकते आहे, आणि गुरुजींच्या खिडकीत कोणीतरी उभं आहे. तुम्ही हसा, पण पंचविशीत असलं काय काय दिसतं!

म्हणून मी स्वतः नकाशा काढला आणि लोहाराकडून लोखंडी सांगाडा करून घेतला. चाकं खोबणीत बसायची, दांडीला वरून पट्टे, पट्ट्यांना नट-बोल्ट. सांगाडाही टपाला बोल्टांनीच आवळलेला. वरून लाल रंग. लोहार म्हणाला, "साहेब, एवढ्या लोखंडात बैलगाडी झाली असती." मला तो गौरव वाटला.

मजबुती पाहायला आधी त्यावर सरकीचं पोतं ठेवलं. मग कापसाच्या जिनिंगचा मुकादम बसवला. तो मुकादम म्हणजे चालतंबोलतं गोदाम! टप थोडा दबला, पण सांगाडा ढिम्म हलला नाही. मग मी पाना घेऊन सगळे नट स्वतः असे आवळले की हाताला फोड आले. पाना बबनच्या हाती दिला नाही. तो वस्तू हरवतो. मी स्वतः जपून ठेवला.

निघायच्या सकाळी बबनच्या आईनं मोटारीची पूजा केली. बॉनेटवर झेंडूचा हार, दाराला आंब्याची डहाळी, पुढं लिंबू-मिरची. आणि सायकली कशा उघड्या ठेवायच्या, म्हणून दोन्ही हँडलांनाही हार. मी म्हटलं, काकू, पुरे. त्या म्हणाल्या, "असू दे रे बाप्पा, लगनसराई हाय, हार सस्ते हायेत."

लगनसराई हाय! तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता की नाही? तुम्हीच सांगा. वैशाखातला लग्नाचा दिवस, हार घातलेली मोटार, आणि टपावर कागद न काढलेल्या दोन कोऱ्या सायकली. आमच्या वऱ्हाडात याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. सेक्रेटरीला तेवढा कळला नाही!

परतवाडा थोडासा उरला असताना एक गाव लागलं. वेशीवर मारुतीचं देऊळ, पुढं पार. आणि पारावर बाशिंग बांधलेला नवरदेव बसलेला. तोंड असं फुगवलेलं, की बाशिंग खाली सरकून नाकावर आलं होतं. आमच्याकडे रिवाजच आहे तो. नवरदेव आधी मारुतीपाशी येतो, तिथून वाजतगाजत मांडवात. आणि काही मागायचं राहिलं असेल तर रुसतो तोही तिथंच.

बबननं भोंगा वाजवला. पारावरचे लोक एकदम उठले.

"आली! आली वो आली!"

बँड सुरू झाला. ताशेवाला आमच्या मोटारीपुढं उड्या मारायला लागला. मोटार थांबवावीच लागली. एका म्हाताऱ्यानं मला बाहेर ओढलं, कपाळाला टिळा लावला, गळ्यात हार घातला. मी बबनकडे पाहिलं, बबननं माझ्याकडे.

"काहून बे एवढं स्वागत?" बबननं विचारलं.

मी हळूच म्हणालो, "अरे, परतवाडा जवळ आला. गुरुजींच्या होणाऱ्या जावयाची बातमी इकडंही पोचली असेल."

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे एका घरचा जावई म्हणजे सगळ्या गावचा जावई. पाय धुतील, पाट देतील, हात जोडतील. मी तर मनातल्या मनात पाटावर बसूनही मोकळा झालो! होकार आल्याशिवाय गाव कशाला नाचेल? असा माझा तर्क.

तेवढ्यात मोठा पटका बांधलेला एक गृहस्थ पुढं आला. नवरदेवाचा बाप. तो सांगाड्याखाली उभा राहून वर पाहायला लागला.

"दोन आनल्या?"

"दोन," मी छाती काढून म्हणालो.

"पार नव्या दिसतेत."

"कागदसुद्धा काढला नाही!"

"वा! अन् तुमी कोनाकडले?"

मी लाजलो. लाजलो हो, खरंच! खाली पाहून म्हणालो, "गुरुजींकडला."

पटकेवाला मागं वळून ओरडला, "आइकलं का? गुरुजीनंच पाठोल्या!" मग त्याच्या माणसांत एकच गलका उठला, पण बँड इतका कानाशी होता की मला एक अक्षर ऐकू आलं नाही. सगळे हसत होते, म्हणून मीही हसलो.

नवरदेवाचा रुसवा पार उतरला. तो बाशिंग सावरत आला आणि टपाकडे बोट करून म्हणाला, "आता याच्यावरच बसून जातो मांडवात. जमते का?"

मला वाटलं, गावात मोटार आली आहे, हौस आहे बिचाऱ्याची. घोड्याऐवजी मोटार! कोणत्याही गावात कोणाचीही मोटार अशी वरातीला धरत. पण सांगाडा सोसेल का, असं कोणीतरी मागून म्हणालं. आणि तिथंच माझा घात झाला. माझ्या कॅरिअरवर शंका?

"सोसेल का?" मी कडाडलो. "अहो, जिनिंगचा मुकादम बसवून पाहिलाय! नवरदेव, चढा वर! बिनधास्त पायडलही मारा!"

तो चढला. सीटवर बसला. हँडल धरलं, घंटी वाजवली, आणि हवेत पायडल मारायला लागला. सांगाडा जरा करकरलासुद्धा नाही. मी सगळ्या गावाकडे असं पाहिलं, जसा काही नवरदेव मीच घडवला.

वरात निघाली. पुढं बँड, मागं मोटार, मोटारीत मी हार घालून, आणि माझ्या डोक्यावर नवरदेव ट्रिंग ट्रिंग करत पायडल मारतो आहे.

मांडवाशी पोचलो. मोटार थांबली. दारात पाहतो तर कोण? गुरुजी! आणि त्यांच्या मागं बायकांत विमल!

नवरी गुरुजींची जुनी विद्यार्थिनी आणि विमलची मैत्रीण होती, हे मला नंतर कळलं. आधी एवढंच दिसलं की गुरुजींचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला आहे. तेवढ्यात नवरीचा बाप, एक साधा कास्तकार, धावत आला आणि माझे हात धरून रडायलाच लागला.

"साहेब, देवासारखे आले तुमी! सकायपासून अडून बसले होते सायकलीसाठी. मले त वाटलं, पोरगी आता मांडवातच राह्यते."

ऐकलंत? सकाळपासून! सायकलीसाठी!

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे तो टिळा, तो हार, तो बँड, ते सगळं जावयाला नव्हतं. सायकलीला होतं!

गुरुजी माझ्यापुढं येऊन उभे राहिले. फार हळू बोलले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सेक्रेटरी साहेब, मी सकायपासून त्या पारावर घसा फोडून राह्यलो. सायकल देनार नाही म्हनून. नवरदेवाचा बाप नरम पडला होता. उठतच होता तो, म्हनून मी मांडवात सांगाले आलो. अन् तुमी हुंडा आनून देल्ला? वाजतगाजत? माह्या नावानं?"

"गुरुजी, मी तर घाट उतरायला..."

"घाट? तुमी पार उतरले माह्या मनातून!"

मी विमलकडे पाहिलं. तिनं पदर तोंडावर धरला होता. रडते आहे की हसते आहे, काही कळेना. मला मात्र रडायलाच आलं होतं. मुलगी गेली, गुरुजी गेले, मंडळाची अब्रू गेली! अशा वेळी शहाणा माणूस पाय धरतो. मी काय केलं? मोटारीच्या पायरीवर चढून भाषण सुरू केलं!

"बंधूंनो आणि भगिनींनो! हुंडा ही समाजाला लागलेली कीड आहे..."

वर नवरदेव, ट्रिंग!

"एक सायकल म्हणजे एका बापाचा घाम..."

ट्रिंग, ट्रिंग!

मी मूठ आपटली. मोटारीचा टप दणाणला आणि हँडलचा हार सुटून माझ्याच डोक्यावर पडला. मांडवात जी हसाहस झाली! आचारीसुद्धा बुंदीचा झारा घेऊन बाहेर आले.

नवरदेवाचा बाप शांतपणे म्हणाला, "भाषन नंबर एक झालं. आता सायकल खाली उतरवा."

"ती माझी आहे!" मी ओरडलो. "ही हुंड्याची नाही!"

"मंग हार कोनाले घातला? टिळा कोनाले लावला? आमी काय बावळट हाओत? एक ठेवा तुमाले, एक उतरवा."

त्यांची माणसं सांगाड्याला भिडली. पट्टे ओढले, नट पिळले. हलेना! पाना शोधू लागले. बबन मला म्हणाला, "पाना काढ." मी खिसे चाचपले, डिकी पाहिली, पिशवी उलटी केली. पाना नाही. "घरी राहिला वाटतं," मी म्हणालो. गावचा लोहार आला, पण तो आला घण घेऊन. घण पाहताच बबन टपावर पालथा पडला. "माह्या बापाची मोटर हाय! आधी मले मारा!"

ऊन तर असं की मोटारीचा पत्रा चुलीवरच्या तव्यासारखा तापलेला. वरचा नवरदेव आता पायडल मारत नव्हता. काळी सीट खाली तापली होती. तो एकदा या बाजूला कलायचा, एकदा त्या. पण उतरेल कसा? उतरला तर सायकल गेली! बाप खालून सांगतोय, "उतरू नोको!" आणि इकडं भटजी सांगताहेत, मुहूर्त चालला.

बायकांत काहीतरी कुजबुज झाली. विमल नवरीच्या कानाशी लागली होती, एवढं मी पाहिलं. मग नवरी स्वतः मांडवाच्या दारात आली. हळदीचं अंग, हातात हिरवा चुडा. वर पाहून खणखणीत आवाजात म्हणाली, "त्याले म्हना, त्या सायकलीसंगच लगन लाव. सायकल सोडवत नाही ना तुले? मी चालली जेवाले."

अहो, काय हसला गाव! बँडवाल्याच्या हातून पिपाणी पडली. नवरदेवाचा चुलतासुद्धा पटक्यात तोंड लपवून हसायला लागला. पोट्ट्यांनी "सायकल नवरी, सायकल नवरी" म्हणून गिल्ला केला. नवरदेवानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा नवरीकडे. आणि टुणकन उडी मारून खाली आला.

"बुवा, मले नाही पाह्यजे सायकल," तो बापाला म्हणाला. "वर बसून पाह्यली म्या. लय पोयते."

अक्षता पडल्या. बिनसायकलीच्या! नवरीच्या बापाचा जीव भांड्यात पडला आणि तो पुन्हा रडला.

आणि मी? मी मोटारीआड तोंड लपवून बसलो होतो. पंगतीला जायची हिंमत नव्हती. गुरुजी आले. माझ्याकडे पाहिलं, टपाकडे पाहिलं. मग स्वतः एक पट्टा धरून जोर लावला. हलला नाही. दुसऱ्यांदा लावला. तरी नाही.

"हे तुमी स्वतः आवळलं?"

"हो," मी म्हणालो. "चुकलं, गुरुजी."

"भाषन अगदीच भिकार केलं तुमी."

"हो."

"पन एक गोठ ध्यानात आली. तुमच्या हाती कोनी हुंडा देल्ला, तरी तुमाले तो खाली उतरवता येनार नाही. माह्या पोरीले असाच येडा भैताड पाह्यजे." आणि ते पहिल्यांदा हसले. "चला, बुंदी संपून राह्यली."

असा माझा होकार झाला! लोकांचा होकार सुपारी फोडून होतो, माझा नट न फुटल्यामुळं झाला.

चिखलदरा राहिला तो राहिलाच. घाट मी आजतागायत सायकलनं उतरलेलो नाही. त्याच दुपारी मोटार वळवली आणि सायकली टपावरच्या टपावर अमरावतीला परत. घरी आल्यावर बबननं मोटार धुवायला काढली, माझ्या बाजूची सीट उचलली, आणि तिथं काय असावं?

पाना! हाताशी असावा म्हणून मीच जपून ठेवलेला. वरातीत हार घालून मी मोटारीत बसलो होतो ना, तो त्याच्यावरच!

बबननं शपथ घेतली, कोणाला सांगणार नाही. आठवडाभरात सगळ्या अमरावतीला कळलं.

आता आम्ही अकोल्याला राहतो. तो लाल सांगाडा अजून आमच्या गच्चीवर आहे. विमल त्याच्यावर उन्हाळ्यात कुरडया वाळवते. म्हणते, "आमच्या घरच्या माणसानं एकच काम पक्कं केलं, ते हे." नवरीच्या कानात ते सायकलीसंगचं वाक्य तिनंच सांगितलं होतं. मी वर्षानुवर्षं भाषणं करून एक हुंडा थांबवू शकलो नाही, आणि बाईसाहेबांनी कानात एक वाक्य बोलून थांबवला!

परवा ही गोष्ट सांगता सांगता मी जरा हळहळलो. म्हणालो, "विमल, तेवढा पाना तेव्हा सापडला असता तर किती बरं झालं असतं गं. एवढी फजिती झाली नसती."

ती कुरडया उलटत होती. वर न पाहता म्हणाली, "झालं असतं ना. बाबांनी तुमाले तठूनच वाटे लावलं असतं, अन् मले दुसरा एखादा हुशार नवरा भेटला असता."